दोन मोठ्या शेजाऱ्यांमधला भूतान

उत्तरेला चीन, उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत, अशा जागी भूतान वसला आहे. १९४९च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं त्याने मान्य केलं. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला निघाले, तेव्हा तिथे जायला मोटाररस्ताच नव्हता. नथु ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून ते पारोला पोहोचले. पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, उत्तरेची वाट बंद झाली आणि भूतानने दक्षिणेकडे तोंड वळवलं.

मग रस्ते आले, पाठोपाठ वीज. ३३६ मेगावॉटच्या चुखा जलविद्युत प्रकल्पाला पैसा भारताने पुरवला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. जादा वीज भारतच विकत घेतो. हिवाळ्यात नद्यांचं पाणी उतरलं की उलट भूतान भारताकडून वीज घेतो. मैत्रीच्या भाषणांपेक्षा मला हा व्यवहार जास्त बोलका वाटतो.

१९४९च्या करारातलं सल्ल्याचं ते कलम २००७ साली गेलं. आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू द्यायची नाही, असं भारत आणि भूतान दोघांनी ठरवलं. चीनशी भूतानचे राजनैतिक संबंध नाहीत. तसे ते अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्सशीही नाहीत! चीनबरोबर सीमेची बोलणी मात्र १९८४पासून चालू आहेत. २०१७ साली, भूतान आणि चीन दोघेही दावा सांगतात त्या डोकलाममध्ये, चीन बांधत असलेल्या रस्त्याच्या वादातून भारत आणि चीनचं सैन्य दोन महिन्यांहून अधिक काळ समोरासमोर उभं ठाकलं, आणि त्यानंतर बोलण्यांच्या फेऱ्या काही वर्षं थांबल्या. तरी २०२१ साली सीमाप्रश्न तीन टप्प्यांत सोडवण्याचा आराखडा थिंफू आणि बीजिंगने मान्य केला.