पडद्यासमोर बसवण्यापूर्वी
(श्रीपूर, जि. सोलापूर येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पाहून काहींच्या मनात आले असेल की, शाळा तर पूर्ववत भरू लागल्या. मग ऑनलाइन तासांची चर्चा आता कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली की अभ्यास भ्रमणध्वनीवर येतो. सायंकाळची शिकवणी, पाठांतराचे वर्ग, परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातवंडांचे मराठीचे तास पडद्यावरून चालतात. हे साधन घरात आले आहे आणि ते परत जाणारे नाही. तेव्हा पाच-सात वर्षांच्या मुलाची त्यासाठी तयारी कशी करून घ्यावी, याचा एकदा शांतपणे विचार व्हायला हवा.

थोडे मागे जाऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जून २०२० मध्ये जे मूल पहिलीत दाखल झाले, ते प्राथमिक शाळेच्या वर्गात प्रथम बसले तेव्हा त्याचे दुसरीचे अर्धे वर्ष संपत आले होते. अक्षरओळख, जोडाक्षरे, शंभरपर्यंतची गणती हा सारा पाया घरीच घातला गेला किंवा कच्चा राहिला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' होती, 'दीक्षा' अ‍ॅपवर पाठ होते. तरीही एकाच वर्गातील दोन मुलांमध्ये पुढे मोठे अंतर पडले. ज्याच्या शेजारी घरातील कोणी रोज बसले ते मूल तरले; जे एकटे पडले ते मागे राहिले.

शासनालाही याची जाण होती. जुलै २०२० मध्ये राज्य शासनाने ऑनलाइन तासांची मर्यादा ठरवली. बालवर्गासाठी दिवसाकाठी ३० मिनिटे, तीही पालकांशी संवादासाठी. पहिली-दुसरीसाठी ३० मिनिटांची दोन सत्रे. त्यातील १५ मिनिटे पालकांच्या मार्गदर्शनाची, १५ मिनिटे मुलाच्या कृतीची. लहान मुलाचा ऑनलाइन तास हा निम्मा पालकांचा तास आहे, हेच त्या वेळापत्रकाने सांगितले. आपण मात्र मुलाच्या हाती भ्रमणध्वनी दिला आणि स्वयंपाकघरात किंवा शेतावर निघून गेलो.

शास्त्रही याला दुजोरा देते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकवले. समोर बसलेल्या माणसाकडून बाळे ते ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावरून ऐकवले तेव्हा काहीच शिकली नाहीत. २०१८ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांना असे आढळले की, पडद्यासमोर दोन बाळे एकत्र बसली, तर एकट्या बाळापेक्षा अधिक शिकतात. आपली मुले वयाने मोठी आहेत, परंतु सोबतीचे महत्त्व त्यांनाही लागू आहे.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. सोलापूर शहरातील नीलमनगर ही यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती. अनेक घरांत स्मार्टफोन नव्हता. तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातील धडे रंगवून घेतले. गल्लीतून जाता-येता मुले वाचू लागली. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे काम क्यूआर कोडचे. पण तो कोड छापील पुस्तकाच्या पानावर आहे, हे ध्यानात घ्या. पुस्तक मुलाच्या हाती राहते आणि यंत्र त्याच्या मदतीला येते.

आता प्रत्यक्ष काय करावे? तासाची जागा आणि वेळ ठरलेली असावी. मुलाला जमिनीवर सतरंजीवर बसवावे, समोर चौरंग ठेवावा. भ्रमणध्वनी हातात न देता चौरंगावर हातभर अंतरावर टेकवून ठेवावा. उजेड बाजूने यावा. तासापूर्वी लघुशंका, पाणी, वही-पेन्सिल आटोपून घ्यावे आणि आज काय शिकायचे आहे ते दोन वाक्यांत सांगावे. माइक बंद-चालू करणे, हात वर करून आपली पाळी येईपर्यंत थांबणे यांचा सराव आदल्या दिवशी खेळातून करून घ्यावा.

तास चालू असताना कोणीतरी जवळ बसावे, परंतु उत्तर पुरवू नये. बाईंनी प्रश्न विचारला की मागून आई कुजबुजते आणि मूल तेच म्हणते. त्याने बाईंची फसगत होते आणि मुलाचे नुकसान होते. चुकीचे उत्तर गेले तरी चालेल; त्यामुळेच बाईंना कळते की कोठे अडले आहे.

तास संपला की पडदा बंद करावा आणि शिकलेले हाताने करून घ्यावे. बेरीज असेल तर चिंचोके मांडावेत, अक्षर असेल तर धान्यावर किंवा मातीत गिरवावे. आजी-आजोबांनी विचारावे, "आज काय झाले ते मला सांग पाहू." जे मूल सांगू शकते, ते शिकले असे खुशाल समजावे. त्यानंतर त्याला अंगणात सोडावे. बाहेरच्या नैसर्गिक उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये दूरचे पाहण्यासाठी चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

घरात एकच भ्रमणध्वनी असेल आणि तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कारखान्यावर जात असेल, तर धडा आदल्या रात्री उतरवून घ्यावा. शेजारची चार-पाच मुले एका ओसरीवर एकत्र बसवावीत. त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. आपले श्रीपूर साखर कारखान्याचे गाव. गाळप हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, खोप्या उभ्या राहतात. त्या कुटुंबांबरोबर आलेल्या मुलाची गावाकडची शाळा अर्ध्यावर सुटते. तेथील शिक्षक भ्रमणध्वनीवर पाठ पाठवतीलही. पण आई-वडील पहाटेच फडावर गेलेले असतात, तेव्हा त्या मुलाशेजारी बसणार कोण? आपल्यापैकी कित्येक घरांत निवृत्त शिक्षक आहेत, शिकलेल्या आज्या आहेत. एका घराने एका मुलासाठी रोज अर्धा तास द्यावा. नातवाच्या शेजारी सतरंजीवर आणखी एक जागा करायची आहे, एवढेच.

येत्या हंगामात श्रीपूरच्या ओसऱ्यांवर अशा जागा झालेल्या दिसाव्यात, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.