२९ आमदार आणि आपला कापूस



आपण विधानसभेत २८८ आमदार पाठवतो. मुदत ५ वर्षांची. ज्याला सर्वांत जास्त मते तो आमदार. मग ती निम्म्याहून कमी का असेनात.

पण घटनेप्रमाणे एक दशांश, म्हणजे २९ जण हजर असले की कामकाज चालते. त्यांतले १५ ‘हो’ म्हणाले की विधेयक तिथे मंजूर!

कायदा काय करतो ते आपण भोगले आहे. १९७१च्या कायद्याने आपला कापूस सरकारखेरीज कुणाला विकायची सोय ठेवली नाही. ती एकाधिकार खरेदी गेली. सभागृह तेच आहे.

म्हणून मत मागायला येणाऱ्या आमदाराला आपण विचारू: शेतीमालाचे विधेयक आले तेव्हा तुम्ही कुठे होता?