दानाची वास्तू आणि हक्काचे दार
(बोरिवली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दात्याचे नाव पाटीवर वाचावे. त्याचे मन मात्र दार, ओटा आणि पाणी यांवरून ओळखावे.

इंग्लंडात वृद्ध व निराधार माणसांसाठी बांधलेली जुनी दानगृहे आहेत. मधे चौक, सभोवती एकेक खोलीची घरे, प्रत्येकाला स्वतंत्र दार व चूल. गरिबाला स्वतःचे दार मिळाले, ही त्या रचनेची थोरवी होय. परंतु वेशीवर दात्याचे कुलचिन्ह असे आणि आत प्रार्थनामंदिर. तेथील नित्य प्रार्थना ही आश्रयाची अटच असे. धर्मादाय शाळांच्या दर्शनी भिंतीवर गणवेशातील मुलामुलींच्या मूर्ती बसवीत. मूल शिकले खरे, पण दानाची खूण अंगावर वागवून शिकले.

आता आपल्या उंबरठ्याजवळची कान्हेरी पहा. खडकात कोरलेली खोली, निजण्यास दगडी ओटा, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी साठविणारी पोढी. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांची नावे आहेत. कित्येकांनी 'अक्षयनीवी' ठेवली. म्हणजे मूळ ठेव मोडावयाची नाही, उत्पन्नातून भिक्षूंच्या वस्त्रादिकांची सोय करावयाची. आजच्या विश्वस्त निधीचे तत्त्व याहून निराळे नाही.

मग आमच्या वाट्याला काय आले? वाटसरूंसाठी म्हणून बांधलेल्या धर्मशाळांची दारे आम्हांस बंद होती. पंढरपुरास गाडगे महाराजांनी चोखामेळ्याच्या नावाने निराळी धर्मशाळा बांधली, ती याच कारणाने. १९४९ साली त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. निवाऱ्याची वास्तू विद्येच्या कामी आली.

दार उघडण्याचा दुसरा मार्ग कायद्याचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्यात, असा तो होता. ठराव कागदावर राहिला, म्हणून १९२७ साली महाडास जावे लागले. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा, सार्वजनिक रुग्णालय, शाळा वा वसतिगृह नाकारणे हा गुन्हा ठरविला. १७ वे कलम कोणाचा धर्म विचारीत नाही. आपण बौद्ध झालो म्हणून हे संरक्षण सुटत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या दारात दयेची याचना करू नका. नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि कारण लिहून ठेवा, साक्षीदार जोडा, तक्रार नोंदवा. आणि उद्या आपण विहार, वाचनालय वा वसतिगृह बांधू, तेव्हा पाटी लहान ठेवा आणि दार रुंद ठेवा. आत येणाऱ्यास त्याची जात विचारू नका, आणि उपकाराची आठवण करून देऊ नका.