मूस, तेजाब आणि लघुग्रह



दिल्लीतल्या मराठी मंडळींपुढे विज्ञानकथेतल्या लघुग्रहांवर आणि तिथल्या खनिजांवर बोलायचं ठरलं, तेव्हा मी पुस्तकांच्या कपाटाआधी चांदणी चौक गाठला. कूचा महाजनी ही सोन्याची पेठ. त्या भागात आणि करोलबागेत आपली गलाईवाली माणसं आहेत, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची. दुष्काळी मुलूख सोडून ती देशभर पांगली. जिथे सराफकट्टा तिथे गलाईचं दुकान. जुना दागिना द्या, नाहीतर सोनाराच्या दुकानातला केर द्या, त्यातलं सोनं ती वेगळं काढून देतात.

एका माडीवरच्या अरुंद खोलीत मी दुपारभर बसलो. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळावी लागते, हे मला तिथे कळलं. चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. तो रस पाण्यात ओतून दाणे करतात, दाणे तेजाबात उकळतात. तांबूस धूर उठतो, घसा धरतो. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी उरतो चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ. हेच सोनं! मुशीत टाकणखार घालून वितळवलं की मळ वर तरंगतो, खाली पिवळा रस चमकतो. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवला की करड्या भुकटीच्या रूपाने ती परत मिळते.

आपल्या कथांतून नेमकी हीच खोली गायब आहे. यान उतरतं, लघुग्रह मौल्यवान निघतो, पुढच्या पानावर नायक कुबेर. जूल्स व्हर्नच्या निधनानंतर, १९०८ साली आलेल्या त्याच्या कादंबरीत सोन्याची उल्का ग्रीनलँडवर पडते. एवढं सोनं आलं तर भावाचं काय होईल, या धास्तीने जगाचा बाजार हादरतो. शंभरावर वर्षांपूर्वी व्हर्नला सुचलेला हा प्रश्न आजही आपल्यापैकी फार थोडे विचारतात.

१८५२ साली सापडलेला सायकी हा लघुग्रह घ्या. सव्वादोनशे किलोमीटर रुंदीचा. त्याची किंमत म्हणून एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर सांगतात. हा आकडा मला पटत नाही. सायकीची घनता पाण्याच्या साधारण चौपट भरते, लोखंडाची जवळजवळ आठपट असते. म्हणजे तो निव्वळ धातूचा गोळा नाही; त्यात दगड तरी आहे, पोकळी तरी. नासाचं यान २०२३ मध्ये तिकडे निघालंय, २०२९ मध्ये पोचायचंय. शिवाय धातूच्या अशनींतही प्लॅटिनम, इरिडियम असतात ते टनामागे काही ग्रॅम. उरलेलं सगळं लोखंड आणि निकेल. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये माती आणली ती १२१.६ ग्रॅम, आणि तिच्यासाठी सात वर्षांचा प्रवास झाला. ओंजळही भरणार नाही! पण त्या मुठीएवढ्या मातीने मला शून्यांच्या माळेपेक्षा कितीतरी जास्त आनंद दिला.

आभाळातला धातू हाताळायचा अनुभव आपल्या भूमीला नवा नाही. १६२१ साली जालंधरजवळ लोहअशनी पडली. जहांगीराने ती उस्ताद दाऊद या कारागिराकडे दिली आणि त्याची हकीकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली. घणाखाली ते लोखंड टिकेना, फुटू लागलं. दाऊदने तीन भाग आभाळातलं आणि एक भाग साधं लोखंड एकत्र केलं, तेव्हा कुठे पाती घडली. त्यातला सुरा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. बादशहाच्या नोंदीत कारागीर नावानिशी येतो. मराठी विज्ञानकथेत तो मला तसाच हवा आहे, नावानिशी आणि त्याच्या गावानिशी.

आणि लघुग्रहाच्या सातबाऱ्याचं काय? १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला आकाशस्थ पिंडावर मालकी सांगता येत नाही. २०१५ च्या अमेरिकी कायद्याने मात्र तिथल्या नागरिकांना खणून काढलेल्या मालावर हक्क दिला. जमीन कुणाचीच नाही, पीक मात्र कापणाऱ्याचं! कूळकायदा पाहिलेल्या आपल्या समाजातल्या लेखकाला यात केवढी मोठी कादंबरी दिसायला हवी.

निघताना मी त्या गलाईवाल्या काकांना विचारलं, "काका, समजा वजनच नाही अशा जागी भट्टी लावली, तर?"

ते हसले नाहीत. मुशीकडे बघत राहिले.

"वजन नाय म्हंजे मळ वर यायचा नाय."

"नाही येणार. धूरसुद्धा वर जाणार नाही."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग कोपऱ्यातली थंड, रिकामी मूस त्यांनी सांडशीत धरली, हात लांब केला आणि गोफण फिरवावी तशी ती एकदा फिरवली.

"मग अशी गरगरा फिरवायची. जड ते तळाला जातंय, हलकं अलीकडं राहतंय. पर झाकण घट्ट पायजे."