महसूल न्यायाधिकरणाचे हात कुठवर पोहोचतात?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कुळाचा दावा मामलेदाराने फेटाळला, प्रांताकडचे अपीलही गेले, की गावातला कार्यकर्ता धीर देतो, “वर न्यायाधिकरण आहे, तिथे पाहू.” हा धीर बहुधा अज्ञानातून आलेला असतो. महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण हे प्रांताच्या वरचे आणि उच्च न्यायालयाच्या खालचे मधले न्यायपीठ. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ७६ ने त्याला अपिलाचा नव्हे, पुनरीक्षणाचा अधिकार दिला आहे, आणि तोही तीनच कारणांपुरता : हुकूम कायद्याविरुद्ध असणे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा निर्णयावाचून राहणे, किंवा कार्यपद्धतीत न्यायहानी होण्याइतका दोष घडणे. जमीन कोण कसत होते, खंड कोण घालत होते, साक्षीदार खरा की खोटा, हे सारे खालीच संपते.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट व्हावा. कुळाने जमिनीचा राजीनामा दिला, असे मालक म्हणतो. कूळ म्हणते, अंगठा फसवून घेतला. अंगठा कोणत्या परिस्थितीत उमटला हा वस्तुस्थितीचा प्रश्न. खालचा निष्कर्ष विरुद्ध गेला तर न्यायाधिकरण त्यात सहसा हात घालणार नाही. परंतु कलम १५ प्रमाणे राजीनामा लेखी हवा आणि मामलेदारासमोर त्याची विहित रीतीने पडताळणी व्हायला हवी. ती झालीच नसेल तर प्रश्न कायद्याचा होतो, आणि मग न्यायाधिकरणाचे दार उघडते. शेतकरी एकच, शेत एकच. फरक फक्त अर्जात कोणता मुद्दा मांडला याचा.

ही मर्यादा गरिबावर अन्याय करते, म्हणून न्यायाधिकरणाला पुरावा नव्याने तपासण्याची मुभा द्यावी, अशी मागणी मधूनमधून होते. ती करणाऱ्यांनी दुसरी बाजूही पाहावी. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ खरेदीदार मानले गेले. पण तो हक्क कागदावर उतरवून घेताना कित्येक कुळांच्या दोन पिढ्या खपल्या. जिथे कूळ खाली जिंकते, तिथे हीच मर्यादा त्याची ढाल असते. प्रत्येक पायरीवर साक्षीपुरावा नव्याने सुरू झाला, तर ज्याच्या गाठीला पैसा तोच अखेरपर्यंत टिकेल, आणि तो कोण हे सांगायला नको. प्रकरण फेरचौकशीसाठी पुन्हा मामलेदाराकडे पाठवण्याची सवय आजही कुळाला पुरेशी महाग पडते.

म्हणून लढाईची जागा मामलेदार कचेरी. कलम ३२-ग च्या चौकशीत गैरहजर राहिलेले किंवा ‘घेण्यास राजी नाही’ असा जबाब लिहून दिलेले कूळ जमिनीला मुकते. त्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहिलेला एक कार्यकर्ता पुढच्या दहा वकिलांचे काम करतो. पीकपाहणीचे उतारे, खंडाच्या पावत्या, आणि पावती नसेल तर बांधाशेजारच्या शेतकऱ्याची साक्ष, हे सर्व तिथेच नोंदवून घ्यावे लागते.

कायद्याचा मुद्दा मात्र क्षुल्लक समजू नये. मालकीण विधवा असल्यास खरेदीचा हक्क लांबतो, आणि पुढे कुळाला मुदतीत नोटीस द्यावी लागते. ती वारल्याचे न कळल्याने अनेकांची मुदत टळली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा वेळी वारसाने कुळाला कळवले पाहिजे, असे ठरवले. साक्षीचा एक शब्दही न बदलता, केवळ कायद्याच्या अर्थाने, बुडालेले हक्क वर आले.

न्यायाधिकरणाच्या वर उच्च न्यायालय आहे, परंतु घटनेच्या अनुच्छेद २२७ खालची त्याची देखरेख याहूनही अरुंद. तेव्हा प्रांताचा निकाल विरुद्ध लागताच नक्कल त्याच दिवशी मागावी; पुनरीक्षणाला मुदत साठ दिवसांची असते. अर्ज दाखल झाला म्हणून हुकूम थांबला, असेही समजू नये. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि तोवर जमिनीचा ताबा सोडू नये.