शॉकअपमधून गळणारे तेल
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



लोणची, पापड किंवा भरतकाम यांवर बोलायला मी उभी राहिले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण आपल्या चिटणीसबाईंनी माझे काळे झालेले हात पाहिले आणि "याच विषयावर बोला" असा आग्रह धरला. मला भाषणाची सवय नाही. जे घडले ते घडले तसे सांगते.

आमच्या घरी १९९१ साली घेतलेली हिरो होंडा सीडी १०० आहे. माझ्या यजमानांनी ती हप्त्यांवर घेतली होती. २०१७ साली ते गेले. थोरला म्हणाला, "आई, आता गाडी भंगारात देऊन टाकू." मी नाही म्हटले. पुढे धाकट्या मुलीला हडपसरला नोकरी लागली आणि सासवडहून रोज दिवे घाट उतरून ती याच गाडीवर जाऊ लागली. मला फार समाधान वाटले. गाडी घरात राहिली, आणि मुलीच्या उपयोगी पडली.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, पुढच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसू लागला. मुलगी म्हणाली, "आई, तेल गळतंय." मी म्हटले, "जुन्या गाडीला थोडा घाम यायचाच." दर रविवारी मी फडक्याने तो ओघळ पुसत असे. पुसला म्हणजे प्रश्न मिटला, असे मला वाटे. भगिनींनो, ही माझी चूक होती, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

आषाढातल्या एका सकाळी घाट उतरताना मुलीने पुढचा ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. पुढे मालट्रक होता. मागच्या ब्रेकवर आणि गिअर उतरवून तिने कशीबशी गाडी कडेला घेतली. संध्याकाळी घरी येऊन तिने एवढेच विचारले, "आई, तुला बाबांची गाडी हवी की मी हवी?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात दिली. त्यांनी सील बदलले आणि पैसे घेतले. तीन आठवड्यांत पुन्हा तेल गळू लागले. तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी काम करणे केव्हाच सोडले आहे, हात थरथरतात. ते म्हणाले, "काकू, मी खुर्चीवर बसून सांगतो. हात तुमचे चालवा."

आता हे शॉकअप म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. एक चकचकीत पोलादी पाइप, आणि तो खालीवर सरकतो ते ॲल्युमिनियमचे नळकांडे. त्याला मिस्त्री लोक बॉटम म्हणतात. आत एक लांब स्प्रिंग आणि थोडे तेल असते. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी उडत राहिली असती. तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, म्हणून उसळी तिथल्या तिथे शमते. पाइप सरकावा पण तेल बाहेर येऊ नये, म्हणून बॉटमच्या तोंडाशी रबराची कडी असते. तेच ऑइल सील. आपल्या कुकरच्या रिंगेसारखेच ते वयाने कडक होते, आणि मग धरत नाही. तेल कमी झाले की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. आणि ओघळ खाली ड्रमपर्यंत गेला तर ब्रेकचे लायनर तेलकट होतात. आमच्या गाडीचे दोन्ही झाले होते.

काम असे केले. गाडी डबल स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावला, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहिले. ब्रेकची आणि मीटरची केबल सोडवली, एक्सल ओढून चाक काढले, मग मडगार्ड काढले. यानंतर मिस्त्रींनी पहिली खुबी सांगितली. बॉटमच्या बुडाशी आतल्या बाजूला एक ॲलन बोल्ट असतो. शॉकअप गाडीवर असतानाच, बॉटम वर दाबून धरून तो ढिला करायचा. स्प्रिंगच्या दाबाने आतला भाग जागच्या जागी राहतो. शॉकअप आधी उघडला तर तो बोल्ट आतल्या भागासकट नुसता गरगर फिरतो, आणि माणूस दिवसभर घाम गाळतो.

मग वरचा बोल्ट जपून सोडला, कारण त्याखाली स्प्रिंग दबलेली असते. तोंड त्याच्यावर धरू नये. खालच्या टीचा बोल्ट ढिला करून शॉकअप खाली ओढला. परातीत तेल ओतले तर ते काळेमिट्ट, आणि त्याला असा वास की मी खिडक्या उघडल्या. पाइप बाहेर निघाला. वरचे धुळीचे रबर आणि त्याखालची सर्कलिप काढली. सील उचकटताना पान्याखाली फडक्याची घडी ठेवली, कारण ॲल्युमिनियम मऊ असते आणि त्याला ओरखडा पडला तर नवे सीलही तिथून गळते.

मिस्त्री म्हणाले, "आता पाइपावरून नख फिरवा." मी फिरवले. दोन ठिकाणी नख अडकले. तिथे गंजाचे बारीक खड्डे होते, आणि त्यातला एक नेमका सील सरकते त्या पट्ट्यात. दर खड्ड्याला, दर ब्रेकला ती गंजाची धार नव्या सीलची कड कुरतडत होती. गॅरेजवाल्याने सील बदलले होते, पण सील का फाटले हे पाहिले नव्हते. आणि मी तरी काय केले होते? महिनोन् महिने फडक्याने पुसत होते, आणि पाइपाकडे पाहिलेच नव्हते.

पाइप वाकलेला नाही ना, हे स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर लाटण्यासारखा फिरवून पाहिले. सरळ होता. मग बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून गंजाच्या कडा घासल्या, खड्डा स्वच्छ केला, त्यात दोन ट्यूबा मिसळून करायचे एपॉक्सी भरले आणि रात्रभर वाळू दिले. सकाळी ते घासून पाइपाशी सपाट केले. नख फिरवले तर कुठेच अडले नाही. मिस्त्रींनी बजावले, "हे एवढ्याशा खड्ड्यापुरते. मोठा गंज असला तर पाइपच बदलायचा, तिथे काटकसर नको."

सील आणताना जुने बरोबर न्यावे. त्यावर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते तिन्ही जुळले पाहिजेत. नवे सील बसवताना बारीक स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे खाली. पाइपाच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी घालून, तेलाचा हात लावून सील सरकवले, म्हणजे धातूच्या धारेने कड चिरत नाही. मग वर जुने सील ठेवून, पाण्याच्या नळाच्या पीव्हीसी तुकड्याने हलके हलके, चहूबाजूंनी सारखे ठोकले. सर्कलिपची खाच पूर्ण दिसली तेव्हा थांबले. बुडाच्या बोल्टाला तांब्याचा नवा वॉशर घातला.

तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या जातीचे आणि तेवढेच, दोन्ही बाजूंना अगदी सारखे हवे. मापासाठी मी माळ्यावरून नातवाची दुधाची बाटली काढली. तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. (ती पुन्हा दुधाला वापरलेली नाही, सूनबाईंनी निश्चिंत असावे.) ब्रेकचे तेलकट लायनर धुऊन चालत नाहीत, ते नवेच घातले. ड्रममधली धूळ तोंडाने फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. ती फुप्फुसाला वाईट.

चाक बसवताना ब्रेक प्लेटची खाच बॉटमवरच्या उंचवट्यात बसली आहे, हे मिस्त्रींनी मला तीनदा पाहायला लावले. ती खाच चुकली तर ब्रेक दाबताच प्लेटच फिरू लागते आणि गाडी माणसाला पाडते. वाहनदुरुस्ती घरी करणाऱ्या प्रत्येकीने एवढे तरी पक्के लक्षात ठेवावे. आणि मन साशंक असेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. आम्हीही आधी गल्लीत, सावकाश, ब्रेक दाबून दाबून पाहिला. जुने तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजात दिले.

पुढच्या रविवारी मी मुलीला म्हटले, "घाट उतरायचा तर मला मागे बसव." ती काही बोलली नाही. वडकीपर्यंत आम्ही दोघी उतरलो. वळणावर तिने पुढचा ब्रेक दाबला, गाडीने नाक थोडे खाली केले आणि शांतपणे पुन्हा वर आली. खाली चहाच्या टपरीवर थांबलो. मी खाली वाकून पाइप पाहिला. कोरडा होता. ती म्हणाली, "आई, आता चहा तरी घे."

त्याला दोन पावसाळे झाले. पाइप अजून कोरडा आहे. पावसातून गाडी आली की मी तो आजही पुसते, पण आता नख फिरवून पुसते. नोंदणीचे नूतनीकरण येईल तेव्हा गाडी तपासणीला उभी करू. तिथे ती नापास झाली तर मी हट्ट धरणार नाही, असे मुलीला कबूल केले आहे.

कोणाच्या दारात गाडीखाली तेलाचा डाग दिसत असेल तर त्यांनी माझ्यासारखे नुसते पुसत बसू नये, एवढी विनंती करून मी खाली बसते.