सनद आणि शील

(पुणे येथे बौद्ध वकील व विधि महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज माझ्यापुढे जो प्रश्न ठेवण्यात आला आहे, तो वरवर साधा दिसतो. ज्याने तथागताचा धम्म स्वीकारला, ज्याने खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घेतली, अशा वकिलाने आपल्याच समाजबांधवावर अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या इसमाचे वकीलपत्र घ्यावे काय? काही तरुण वकिलांचे म्हणणे असे की, घेऊ नये. जो घेईल त्याला समाजाने दूर करावे. काहींचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ते म्हणतात, धंदा हा धंदा, तेथे शील कशाला आणता? ही दोन्ही मते मला मान्य नाहीत, आणि ती का मान्य नाहीत हे सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

या प्रश्नाचा विचार पुण्यात करावयाचा तर तुम्हांला 1926 सालात जावे लागेल. त्याच्या आदल्या वर्षी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. लेखक दिनकरराव जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुतळ्याच्या प्रश्नावरून पुण्यात जो वाद पेटला, त्या वादाच्या धगीत हे पुस्तक लिहिले गेले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर व लोकमान्य टिळक यांच्यावर त्यात अत्यंत प्रखर भाषेत हल्ला होता. अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. लेखक आणि प्रकाशक यांच्याबरोबर केशवराव बागडे व रामचंद्र लाड यांनाही आरोपींच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले, आणि खालच्या न्यायालयाने शिक्षा सांगितल्या. अपील पुण्याच्या सेशन्स कोर्टात चालले. फिर्यादी पक्षाच्या बाजूने ल. ब. भोपटकरांसारखे नामांकित वकील होते. आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि आरोपी सुटले.

ही हकिकत आपण विजयाची गोष्ट म्हणून सांगतो. मी ती आज दुसऱ्या कारणासाठी सांगत आहे. बाबासाहेबांना बॅरिस्टरी सुरू करून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. आरोपी अस्पृश्य समाजाचे नव्हते. ते ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी होते, आणि त्या चळवळीशी बाबासाहेबांचे सर्वच बाबतींत जुळत होते असे नाही. पुस्तकातील प्रत्येक शब्द बाबासाहेबांनी स्वतः लिहिला असता काय? त्यांचे लेखन ज्याने वाचले आहे, त्याला उत्तर सांगावे लागत नाही. जहाल तेही होते. पण त्यांची जहाल भाषा पुराव्याच्या पायावर उभी असे. मग त्यांनी त्या पुस्तकाची वकिली केली काय? नव्हे. त्यांनी माणसांची वकिली केली. मृत व्यक्तीवर केलेला आरोप हा गुन्हा ठरण्यासाठी त्यामागे तिच्या कुटुंबीयांच्या किंवा इतर निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो, ही अट त्या वेळच्या दंडसंहितेत होती. आजच्या न्याय संहितेतही ती आहे. पुस्तक आवडले की नाही हा अशा खटल्यातला प्रश्नच नसतो. कलमातील प्रत्येक अट सिद्ध झाली काय, एवढाच प्रश्न असतो. तो प्रश्न न्यायाधीशापुढे निर्भयपणे उभा करणे हे आरोपीच्या वकिलाचे काम आहे, आणि त्यात असत्याचा लवलेश नाही. "माझा अशील निष्पाप आहे हे मला ठाऊक आहे" असे सांगणे वेगळे. "फिर्यादीने गुन्हा शाबीत केलेला नाही" असे सांगणे वेगळे. पहिले वाक्य उच्चारण्याचा अधिकार वकिलाला नाहीच. दुसरे उच्चारताना पंचशीलातील मुसावादाचे शील भंगत नाही.

भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतही हेच तत्त्व आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचे स्वतःचे मत बाजूला ठेवून त्याचा बचाव करावा, असे ते नियम सांगतात. आपण ज्या न्यायालयांत काम करतो तेथले काम, आपल्या प्रतिष्ठेला साजेशी फी मिळत असेल तर, वकिलाने स्वीकारले पाहिजे, असेही ते सांगतात; विशेष कारण असेल तर नाकारण्याची मुभाही ठेवतात. कोइमतूरच्या वकिलांनी एका प्रकरणात आरोपी पोलिसांच्या बाजूने कोणीही उभे राहू नये असा ठराव केला होता. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव अवैध व शून्यवत ठरविले.

आता तुम्ही म्हणाल, हा निर्णय आपल्या शत्रूंच्या सोयीचा आहे. थोडा विचार करा. वकिलांच्या संघटनेने एकमताने बहिष्कार घालण्याची प्रथा एकदा रूढ झाली, तर तालुक्याच्या गावी तिचा पहिला बळी कोण होईल? जेथे दहा वकील आहेत आणि दहाही एका जातीच्या दबावाखाली आहेत, तेथे आपल्या पोरावर खोटी फिर्याद झाली तर त्याच्यासाठी कोण उभे राहील? बहिष्कार हे शस्त्र कोणाच्या हातात किती काळ होते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

म्हणून माझे उत्तर असे आहे. आरोपीला वकील मिळाला पाहिजे. तो तुम्हीच असला पाहिजे असे नाही. ज्या वस्तीत तुम्ही वाढलात, त्या वस्तीतील फिर्यादीविरुद्ध उभे राहताना तुमचे मन खुले राहणार नसेल, तर ते वकीलपत्र नाकारण्याचे ते पुरेसे कारण आहे. ते उघडपणे सांगा. परंतु ज्या बौद्ध वकिलाने ते स्वीकारले आणि नियमाने चालविले, त्याला समाजद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

समाजद्रोह वेगळ्या जागी घडतो. दिवसा फिर्यादीचा सल्लागार आणि रात्री आरोपीच्या माणसांबरोबर तडजोडीची बैठक, असे करणारा वकील समाजद्रोही आहे, मग त्याच्या घरात बुद्धमूर्ती असो वा नसो. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षासाठी काम करण्यास नियमांची बंदी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे हे बाहेर बसून मिटविण्याच्या गुन्ह्यांपैकी नाहीत. तरीही बैठका होतात. गावातले चार प्रतिष्ठित येतात, "पुढे गावातच राहावयाचे आहे" असे सांगतात, आणि साक्षीदार न्यायालयात वेगळेच बोलू लागतो. नगर जिल्ह्यातील खर्डा येथे 2014 साली एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. 2017 साली त्या खटल्यातील सर्व आरोपी सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार आपल्या घरात बसल्या बसल्या फितूर होत नाही. त्याच्याशी कोणीतरी बोलते. त्या बोलण्यात काळा कोट घातलेला माणूस मध्यस्थ असेल, तर त्याच्या सनदेला काय अर्थ राहिला?

पैशाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. अत्याचारग्रस्त कुटुंबाला शासनाकडून मिळणारी आर्थिक मदत टप्प्याटप्प्याने येते. तीत "आपला हिस्सा" मागणारे मध्यस्थ आहेत, अशी कुजबुज वस्त्या-वस्त्यांतून ऐकू येते. निकालावर अवलंबून असणारी फी ठरविणे किंवा निकालातून मिळणाऱ्या रकमेत भाग घेणे वकिलाला निषिद्ध आहे. अष्टांग मार्गात सम्यक् आजीविका सांगितली आहे. मृताच्या आईला मिळालेल्या रकमेतून टक्केवारी कापणे ही कोणत्या मार्गावरची आजीविका, ते त्या वकिलानेच सांगावे. वकिली हा बाजार नव्हे, ही गोष्ट मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात अशिलांना ओढून नेणाऱ्या वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 सालीच बजावली होती. असा कोणी भेटल्यास महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ताकीद देणे, सनद काही काळ स्थगित करणे, नाव कमी करणे, हे सारे तिच्या अधिकारात आहे. ग्राहक न्यायालयाचे दार मात्र आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय 2024 साली झाला. म्हणजे आमच्या व्यवसायाची झाडलोट आम्हांलाच करावयाची आहे, आणि खरे सांगावयाचे तर या कामात आमचा हात फार सावकाश चालतो.

आता जे बोलणार आहे ते कित्येकांना कडू लागेल. खऱ्या फिर्यादीत खोटा मजकूर घालू नका. घटनेच्या वेळी जो गावात नव्हता त्याचे नाव घालू नका. जो शब्द उच्चारला गेला नाही तो लिहवून घेऊ नका. एक खोटे नाव उलटतपासणीत उघडे पडले की त्याच्याबरोबर चार खरी नावे सुटतात. कऱ्हाडच्या एका शासकीय महाविद्यालयातील तक्रारीवरून निघालेल्या प्रकरणात 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील अटकेवर असे निर्बंध घातले की सारा देश ढवळून निघाला. 2 एप्रिलला लोक रस्त्यावर आले, त्यांत माणसे मेली. संसदेने त्याच वर्षी 18 अ हे कलम घातले, 2019 साली न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले, आणि 2020 साली ते कलम वैध ठरले. ती मूळ तक्रार खोटी होती असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की महाराष्ट्राच्या एका तालुक्यातल्या कागदावर साऱ्या देशातल्या दलितांचे संरक्षण काही काळ टांगणीला लागले. तुम्ही लिहीत असलेला कागद तसाच एक कागद आहे.

धर्मांतरितांपुढे आणखी एक अडचण येते, आणि तेथे वकिलाचे अज्ञान अक्षम्य आहे. फिर्यादी अभिमानाने "धर्म बौद्ध" एवढेच लिहितो आणि जातीचा उल्लेख टाळतो. त्याचा अभिमान मला समजतो. जात टाकण्यासाठीच तर 14 ऑक्टोबर 1956 चा तो दिवस उगवला. पण पुढे आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो, फिर्यादी बौद्ध आहे, तो अनुसूचित जातीचा असल्याचा पुरावा कोठे आहे? उत्तर कायद्यात आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात 1990 साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्यात स्थान मिळाले. परंतु उत्तर कायद्यात असून भागत नाही. ते खटल्याच्या कागदपत्रांत असावे लागते. जातीचा दाखला पहिल्या दिवशी मागून घ्या आणि तो दोषारोपपत्राबरोबर गेला की नाही, हे डोळ्यांनी पाहा. अशिलाला समजावून सांगा की दाखला म्हणजे त्याच्या श्रद्धेची नोंद नव्हे. त्याच्यावर झालेल्या अन्यायाच्या कारणाची ती नोंद आहे. खैरलांजीच्या 2006 सालच्या हत्याकांडात आरोपींना शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जातीय हेतू सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि पुराव्याच्या कागदावर तो उमटत नाही. ही उणीव सभेतल्या घोषणेने भरून निघत नाही.

चिकाटीचे उदाहरण हवे असेल तर महाडचे घ्या. 14 डिसेंबर 1927 रोजी मनाई हुकूम आला. परिषद 25 तारखेला होती. लोक पाण्यासाठी आतुर होते. प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनी तळ्याकडे पाऊल टाकले असते तर हजारो माणसे मागे निघाली असती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करविला आणि दावा लढविला. महाडला 1931 साली निकाल बाजूने लागला. विरोधकांनी अपील केले. ठाण्यात 1933 साली ते फेटाळले गेले. ते उच्च न्यायालयात गेले. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की अनादिकालापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. जवळजवळ दहा वर्षे. या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, आणि तो दावा तारखेमागून तारीख चालतच राहिला. आज दोन तारखांना अशील फी देऊ शकला नाही म्हणून गैरहजर राहणारे वकील मी पाहतो.

अशिलाजवळ फी नसेल तर त्याचेही उत्तर आहे. 1987 च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधि साहाय्य मिळते. हे तिला सांगणे तुमचे कर्तव्य आहे, मग त्यामुळे तुमची फी बुडाली तरी. 2016 पासून लागू झालेल्या 15 अ कलमाप्रमाणे जामिनाच्या अर्जासह प्रत्येक कारवाईची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. कारवाईचे चित्रीकरण व्हावे असेही त्याच कलमात आहे. जामीन होऊन आरोपी गावात परतल्यावरच फिर्यादीला बातमी कळते, असे आजही घडते. तुमच्यापैकी जे उद्या सकाळी शिवाजीनगरच्या न्यायालयात जाणार आहेत, त्यांनी आपल्या हातातील अशा प्रत्येक प्रकरणाची नस्ती उघडावी आणि पीडिताला दिलेल्या सूचनेची पोच तीत आहे काय, ते पाहावे. नसेल तर त्याच दिवशी अर्ज करावा.